झाड माजलंय, पण बोंडं कुठायत?

या वेळी तीन प्रश्न घेतलेत. पिकं वेगवेगळी आहेत पण दुखणं एकाच जागचं आहे, म्हणून पहिल्याचं उत्तर जरा लांबलंय.

प्रश्न : कपाशी छातीला लागली, पानं काळीशार, बघणारा प्रत्येक जण वाहवा करतो, पण पाती (फुलाच्या कळ्या) सारखी गळतायत आणि झाडावर बोंडं अगदी मोजकी. युरियाचा अजून एक हप्ता दिला तर बोंडं धरतील का? आणि सोर्स-सिंक म्हणतात ते हेच का?

उत्तर : हो, हेच. आणि युरिया नका देऊ, आधी हे सांगून टाकतो, कारण मागून.

सोर्स म्हणजे कमावणारा भाग, म्हणजे पूर्ण वाढलेलं, उन्हात असलेलं पान. सिंक म्हणजे ती कमाई घेणारा भाग, त्यात बोंड आलं, मूळ आलं, आणि शेंडाही आला, हे लोक विसरतात. कोवळं पान हिरवं दिसतं म्हणून ते कमावतंय असं वाटतं, पण साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं मोठं होईपर्यंत ते दुसऱ्या पानांच्या जिवावरच वाढत असतं. म्हणजे तुम्ही युरियातलं नत्र देऊन जी नवी पालवी काढता ती आधी काही दिवस बोंडाच्याच वाट्यातली साखर खाते.

गंमत म्हणजे ही सगळी कल्पना उभी राहिली तीच मुळी कपाशीवर. १९२८ मध्ये मेसन आणि मास्केल या दोन शास्त्रज्ञांनी त्रिनिदादमध्ये कपाशीच्या झाडांवर दाखवलं की साखर लाकडातून नाही तर सालीतून जाते, आणि जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे जाते. मग १९३० मध्ये म्युंख या जर्मन शास्त्रज्ञाने ती कशी वाहते ते मांडलं. पानाजवळ रसवाहिनीत साखर भरली की शेजारचं पाणी आत ओढलं जातं, दाब वाढतो, दुसऱ्या टोकाला बोंड साखर उतरवून घेतं, तिथला दाब उतरतो, आणि रस आपोआप तिकडे सरकतो. मधे पंप वगैरे काही नाही. त्यामुळे उतरवून घेणारं जितकं जोरकस तितका ओढा जास्त, आणि उतरवून घेणारं कुणी नसलंच तर पानात साखर आणि स्टार्च साचतो आणि पान स्वतःच काम मंदावतं.

आता तुमच्या शेतात बघायचं ते हे, की आधी काय झालं? आधी झाड माजलं आणि मग पाती गळाली, की आधी पाती गळाली (अळी, पाण्याचा ताण, सलग ढगाळ दिवस, काहीही) आणि मग झाड माजलं? बहुतेक जण पहिलंच धरून चालतात, पण दुसरंही तितकंच होतं, कारण बोंडं गेली की ती साखर शेंड्याकडे वळते आणि झाड सुटतं. तसं असेल तर नुसता शेंडा खुडून काय मिळणार, साखर घ्यायला बोंडंच नाहीत. आधी पाती का गेली ते शोधा. आणि पहिला प्रकार असेल, म्हणजे नत्र-पाणी जास्त झालंय, तर आतल्या पानांवर ऊन पडत नाही हे मुख्य दुखणं. बोंडाला सगळ्यात जास्त साखर त्याच्या शेजारच्याच पानातून येते आणि ते पान सावलीत बसलंय. इथे शेंडा खुडणं किंवा मेपिक्वाट क्लोराईडसारखं वाढरोधक कामाला येतं, डोस लेबलवर असेल तोच. दोन आठवड्यांपुढचं बोंड सहसा गळत नाही, तेव्हा धडपड करायची ती कोवळ्या बोंडांसाठी.

प्रश्न : भाताची लोंबी चांगली लांब आहे, पण खालच्या भागातले दाणे पोचट राहतात. गव्हात असं एवढं दिसत नाही. का?

उत्तर : लोंबीत वरचे दाणे आधी फुलतात, खालच्या बारीक फाट्यांवरचे मागून, आणि मागून आलेल्याला उरलंसुरलं मिळतं. लोंबी मोठी केली म्हणजे उत्पन्न वाढलं असं नसतं. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात कमी फुटव्यांचं, भल्यामोठ्या लोंबीचं नवीन झाड तयार केलं, कागदावर फार सुंदर होतं, पण पहिल्या वाणांत दाणे भरलेच नाहीत नीट. गोदाम बांधलं, माल आला नाही. त्यामुळे भातात फुलोऱ्यानंतर वरची तीन पानं हिरवी कशी राहतील ते बघा, तिथे रोग येऊ देऊ नका, पाणी लवकर तोडू नका.

गव्हाचं बऱ्याचदा उलट असतं. ओंबीतले काही दाणे मुद्दाम काढून टाकले तरी उरलेले फारसे फुगत नाहीत, म्हणजे साखर पुरेशी होती, दाणेच कमी होते. आणि दाण्यांची संख्या मुख्यतः फुलोऱ्याच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत ठरते, पोटरीच्या (ओंबी अजून पानाच्या आवरणात असते त्या वेळेच्या) आसपास. तेव्हा पीक उपाशी राहिलं तर नंतर काहीही द्या, दाणे वाढत नाहीत.

प्रश्न : टोमॅटोची खालची पानं झाडाचं अन्न खातात म्हणून काढायची म्हणतात. खरं आहे का?

उत्तर : काढायला हरकत नाही, पण कारण चुकीचं आहे. एकदा कमावतं झालेलं पान पुन्हा साखर मागून घेत नाही, सावलीत पडलं तर पिवळं होऊन मरतं, मरताना आपल्यातलं नत्र वर देऊन जातं. काढायची ती हवा खेळावी आणि रोग चढू नये म्हणून, आणि तीही तोडा झालेल्या घडाच्या खालचीच. फळांना ऊन मिळावं म्हणून घडाजवळची पानं छाटणारे बघितलेत, त्यांनी त्या घडाचं जेवणच तोडलेलं असतं.