सुनेला आडनावच नाही, लोकांना काय सांगू?

प्रश्न: मुलगा बंगळुरात नोकरीला, होणारी सून तमिळ घरातली. तिच्या नावापुढं नुसतं 'आर.', आडनाव नाही, आणि लग्नानंतर आमचं पाटील पण लावणार नाही म्हणते. गावात सगळे विचारतात. – एक आई, खानापूर

उत्तर: मावशी, आडनाव नाही म्हणजे घराणं नाही असं अजिबात मनात आणू नका. ते 'आर.' म्हणजे बहुतेक तिच्या वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर, तमिळनाडूत तशीच पद्धत आहे. आडनावावरनं जात कळते म्हणून 1929 मध्ये तमिळनाडूतल्या चेंगलपट्टूला पेरियारांच्या जातिविरोधी स्वाभिमान चळवळीच्या परिषदेत ते टाकून द्यायचं ठरलं आणि पुढं हजारो लोकांनी खरंच टाकलं, मला तर ही फार मोठी गोष्ट वाटते. आपल्या बेळगाव-निपाणीकडं कन्नड घरांतपण पाटील, देसाई, कुलकर्णी असतात म्हणून आपल्याला वाटतं सगळीकडं असंच, पण खाली हासनकडं बघा, देवेगौडांच्या एच. डी. मधला एच म्हणजे हरदनहळ्ळी गाव आणि डी म्हणजे वडील दोड्डेगौडा. ब्रह्मदेशात आडनावच नसतं, इंडोनेशियाचे सुकार्णो तेवढ्याच एका नावानं राष्ट्राध्यक्ष झाले. चीन-कोरियात आडनाव आधी, आणि लग्नानंतर बायका माहेरचंच ठेवतात. जपानात मात्र नवरा-बायकोला एकच आडनाव लावायची कायद्यानं सक्ती आहे.

आपल्याकडं तसा कायदा नाही, तेव्हा तिला आग्रह करू नका. पत्रिकेत तिच्या घरचे लिहितात तसंच नाव छापा. फक्त आधार, बँक, पासपोर्टवर स्पेलिंग एकच ठेवायला सांगा, नाहीतर नुसते हेलपाटे होतात.