अमेरिकेतल्या घराची चिमणी दर वर्षी माणूस बोलावून साफ करावीच लागते का?

परभणीच्या एका काकांनी विचारलंय: लेक-जावई मिनेसोटात जुनं घर घेतायत, त्यात विटांचं फायरप्लेस आहे. घर घेण्याआधी चिमणीची वेगळी तपासणी करा आणि पुढे दर वर्षी माणूस बोलवा, असं त्यांना सांगितलंय. काकांचं म्हणणं, आमच्या घरात तीन पिढ्या चूल पेटली, कधी कुणाला बोलवावं लागलं नाही. मग हा पैसे काढायचा धंदा तर नाही ना?

काका, थोडासा आहे. पण तुम्हाला वाटतोय तिथे नाही.

मी औसा तालुक्यातला. मिनियापोलिसजवळ नऊ वर्षं राहिलो, त्यातली सहा स्वतःच्या घरात, आणि त्या घराला विटांची जुनी चिमणी होती. आता लातूरला परत आलोय. पहिल्यांदा घरी फोनवर म्हणालो की उद्या चिमणी साफ करायला माणूस येणार आहे, तर आईला रॉकेलची चिमणी आठवली आणि बहिणीला किचनमधली. 'एवढ्याशा कामाला माणूस कामून लागतो?' असं दोघींनीही विचारलं. म्हणजे प्रश्न तुमचा एकट्याचा नाही.

तुमच्या चुलीपासूनच सुरू करतो. आपल्या माळवदाच्या घरात चुलीला नळकांडं नसतं. धूर उठतो, घरभर फिरतो, स्वयंपाक करणारीच्या डोळ्यांतून पाणी काढतो आणि सान्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, बाहेर जातो. जाता जाता तुळयांवर, किलचनावर काळा थर चढवतो. त्या थरामुळे लाकडाला वाळवी लागत नाही, असं आमच्याकडचे म्हातारे सांगायचे. त्या धुराने बायकांच्या छातीचं काय केलं हा वेगळा आणि वाईट विषय आहे, पण घराला त्याचा धोका कमी होता. धूर जिथे गोठून साचावा अशी लांब, थंडगार नळीच नव्हती.

तिकडे तोच धूर वीस-पंचवीस फुटांच्या अरुंद नळीतून वर चढतो आणि बाहेर उणे वीस असतं. परभणीचा पारा पाच-सहावर आला की आपल्याकडे पेपरात बातमी येते. मिनियापोलिसला जानेवारी २०१९च्या शेवटी उणे ३३ झालं होतं. आता, लाकडाच्या धुरात नुसती काजळी नसते. पाण्याची वाफ असते, आणि लाकडातून निघालेले पण न जळलेले डांबरासारखे पदार्थही वाफ होऊन निघालेले असतात. नळीची आतली बाजू साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली गेली, की भाताच्या झाकणाला आतून थेंब धरतात तसे हे पदार्थ भिंतीला धरतात. याला तिकडे क्रिओसोट म्हणतात. म्हणून जितकी कडक थंडी, तितकी चिमणी लवकर भरते. त्यातही घराच्या मधून वर गेलेली चिमणी बरी. बाहेरच्या भिंतीला चिकटून तीन बाजूंनी उघडी असलेली चिमणी सगळ्यात वाईट. लेकीला आधी एवढंच विचारा, चिमणी घराच्या पोटात आहे की बाहेर?

हे क्रिओसोट सुरुवातीला भुसभुशीत असतं, ब्रशने झडतं. तेव्हा साफ केलं नाही तर त्याचे कडक, चकचकीत पापुद्रे होतात, त्याला फिरतं अवजार लागतं. तिसरी अवस्था म्हणजे काचेसारखा डांबराचा लेप. त्यावर ब्रश नुसता घसरतो. हा लेप उत्तम जळण आहे. एखाद्या रात्री जाळ जास्त झाला, ठिणगी वर गेली, की चिमणी आतून पेटते. आवाज जवळून आगगाडी गेल्यासारखा येतो असं ज्यांनी ऐकलाय ते सांगतात, आणि आत तापमान ११०० अंशांपर्यंत जाऊ शकतं. पण कित्येकदा आवाजही येत नाही. आग हळूहळू धुमसते, विझते, घरच्यांना पत्ता नाही. नळीला आतून लावलेल्या मातीच्या फरशांना मात्र तडे जातात, आणि पुढच्या वेळची आग त्या तड्यांतून भिंतीतल्या लाकडापर्यंत जाते. तिथली घरं वरून विटांची दिसली तरी सांगाडा बहुधा लाकडाचा असतो, हे ध्यानात घ्या.

माझ्या चुलत्यांच्या गुऱ्हाळाचं धुराडं मी लहानपणापासून पाहिलंय. चुलवाणात वाळलेली चिपाडं सतत टाकायची, जाळ असा की समोर उभं राहवत नाही. धूर तापलेलाच बाहेर पडायचा, आत डांबर धरलेलं कधी दिसलं नाही. मी मिनेसोटात पहिल्या हिवाळ्यात नेमकं उलटं केलं. रस्त्याकडेला स्वस्त मिळालेलं लाकूड भरलं. पेटवलं की टोकांतून पाणी फसफसायचं. आधीच्या मालकाने फायरप्लेसमध्ये काचेच्या दाराची लोखंडी शेगडी बसवली होती. रात्री लाकूड पुरावं म्हणून मी तिची हवा बंद करून झोपायचो. व्हिडिओ कॉलवर आईने ते पाहिलं आणि म्हणाली, 'आरं ते जळतंय कुठं, नुसतं धुपतंय.' जी बाई मृगाच्या आधी सगळं सरपण घरात घेतल्याशिवाय झोपत नाही तिचं मी ऐकायला हवं होतं. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या आत हवी, आणि त्यासाठी ते फोडून, वारा लागेल असं रचून निदान सहा महिने ते वर्षभर वाळवावं लागतं. ओकसारख्या जड लाकडाला त्याहून जास्त. ओल्या लाकडाची बरीच आग स्वतःचं पाणी उडवण्यातच जाते, धूर थंड राहतो, आणि तो सगळा चिमणीला चिकटतो.

वसंतात पत्रपेटीत एक कूपन आलं: ९९ डॉलरमध्ये चिमणी साफ. बोलावलं. माणूस वीस मिनिटं होता. मग त्याने मोबाइलवर तडे गेलेल्या चिमणीचा फोटो दाखवला आणि सांगितलं, तुमचं घर आज रात्री जळू शकतं, सगळं नवीन करायला ६००० डॉलर, आत्ता सही केली तर ५०००. मी घाबरलो. पण फोटोत नळी गोल होती. माझ्या चिमणीत चौकोनी फरशा होत्या, आदल्याच आठवड्यात मी टॉर्च घेऊन डोकावलो होतो. काका, धंदा म्हणतात तो हा. स्वस्तात आत शिरायचं आणि भीती विकायची.

दुसरा माणूस चिमणी सेफ्टी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकेचं प्रमाणपत्र असलेला बोलावला. त्याने २८० डॉलर घेतले आणि दोन तास लावले. आधी सतरंजी अंथरली, फायरप्लेसचं तोंड झाकलं, काजळीसाठी वेगळा व्हॅक्यूम लावला. (घरचा व्हॅक्यूम लावू नका. बारीक काजळी त्यातून सुटून घरभर होते, आणि ती निरुपद्रवी नसते. चिमण्या साफ करणाऱ्यांना होणारा कॅन्सर या काजळीमुळे होतो, हे लंडनचे सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच लिहून ठेवलंय.) मग सळईवर कॅमेरा लावून खालपासून वरपर्यंत नळी मला पडद्यावर दाखवली. माझीच, चौकोनी. तडा एकही नव्हता. पण वरच्या सहा-सात फुटांत डांबराचा लेप चकाकत होता. शिवाय शेगडीचा धूर तिच्या मानाने फारच रुंद नळीत सोडला होता, त्यामुळे तो रेंगाळत, थंड होत जायचा. उपाय, लेप काढून शेगडीपासून टोकापर्यंत स्टीलची नळी घालायची. साडेतीन हजार गेले. म्हणजे पहिला माणूस खोटं बोलत बोलत खऱ्याच्या आसपास पोचला होता, ही त्यातली गंमत. त्याने आत पाहिलं असतं तर खरं बोलूनही पैसे मिळाले असते.

तेव्हापासून माझं मत असं झालंय की पैसे द्यायचे ते बघण्याचे, झाडण्याचे नव्हेत. तिथल्या अग्निसुरक्षेच्या एनएफपीए २११ या मानकातही चिमणी वर्षातून एकदा तपासावी असंच आहे. साफ करावी ती गरज दिसली तर. ढोबळ माप, काजळीचा थर ३ मिलिमीटर झाला की साफ करायची, आणि लेप चकाकताना दिसला तर थर कितीही पातळ असो, थांबायचं नाही. वर्षातून चारदा हौसेने लाकूड पेटवणाऱ्या घरात एखाद्या वर्षी तपासणीनंतर माणूस 'काही करायची गरज नाही' म्हणून जाईल. असं म्हणणारा माणूस धरून ठेवावा.

तपासणीचे तीन स्तर असतात. पहिला म्हणजे दर वर्षीचा, जे सहज दिसतं ते पाहणं. दुसऱ्यात कॅमेरा आत जातो, माळ्यावरून आणि घराखालच्या पोकळीतूनही चिमणी पाहतात. तिसऱ्यात भिंत किंवा चिमणीचा भाग फोडावा लागतो, तो क्वचित. घर विकताना-घेताना, शेगडी बदलली तर, चिमणीला आग लागून गेली असेल तर किंवा भूकंपानंतर दुसरा स्तर लागतो. भूकंप हा शब्द वाचून मी जरा थबकलो होतो. किल्लारी आमच्याच तालुक्यात, आणि १९९३च्या भूकंपात न पडलेली भिंत बाहेरून धड दिसली म्हणून आत धड असतेच असं आमच्याकडे कुणी मानत नाही. तुमच्या जावयाला सांगितलेला वेगळा खर्च या दुसऱ्या स्तराचा असणार. तो वाचवू नका. व्यवहार पूर्ण व्हायच्या आधीच करा, म्हणजे दुरुस्ती निघाली तर किमतीत घासाघीस करता येते. सही झाल्यावर ती चिमणी तुमची.

आणखी एक गोष्ट विचारायला सांगा: गरम पाण्याचा गॅसचा बंब त्याच चिमणीत सोडलाय का? गॅसला काजळी नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पूर्वी घर तापवणारी मोठी भट्टी आणि बंब दोघांचा धूर एका चिमणीत जायचा. नवीन भट्ट्यांचा धूर प्लास्टिकच्या पाइपने बाजूच्या भिंतीतून बाहेर काढतात, आणि मोठ्या चिमणीत एकटा बंब उरतो. त्याच्या ऊबेने एवढी नळी तापत नाही. वाफेचं आम्लयुक्त पाणी होऊन विटांमधला चुना-सिमेंट खातं. ते पाणी विटांत मुरतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, वितळतं, पुन्हा गोठतं. काही हिवाळ्यांत विटांचे पापुद्रे सुटायला लागतात. वर नीट झाकण आणि माथ्यावरचं काँक्रीट धड असेल तर पावसाचं आणि बर्फाचं पाणी तरी आत जात नाही.

झाकणाचा दुसरा फायदा पक्ष्यांचा. आपली चिमणी तिथल्या चिमणीत जात नाही, पण पाकोळीची एक जात जाते, आतल्या भिंतीला घरटं चिकटवते. १९१८च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने तिला संरक्षण आहे. अंडी-पिल्लं असताना घरटं काढता येत नाही. पक्षी यायच्या आत, वसंतातच काय ते करायचं. तसंही ऑक्टोबरमध्ये सगळं गाव एकदम फोन करतं आणि तारीख मिळत नाही. एप्रिल बरा.

कार्बन मोनॉक्साइडबद्दल लांबण लावत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो, तोच हा वायू, वास नाही, रंग नाही. चिमणी तुंबली की धूर घरातच परततो. मिनेसोटात प्रत्येक झोपायच्या खोलीपासून १० फुटांच्या आत त्याचा अलार्म असणं कायद्याने लागतं. जुन्या घरात तो आहे का आणि चालतो का, पहिल्याच दिवशी बटण दाबून बघायला सांगा.

लाकडाचं मात्र जावयावर सोडू नका. तुम्ही तिकडे जाल तेव्हा ढिगाऱ्यातले दोन तुकडे उचलून एकमेकांवर आपटा. वाळलेलं ठण्ण वाजतं, ओलं थप्प करतं. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळत असणार.