डोळ्याचं डोक्यावर जातं का?

प्रश्न : सासूबाई 74 वर्षांच्या, आम्ही कोल्हापुरात फुलेवाडीत राहतो. तांदूळ निवडताना खडे तसेच राहतात, केएमटी बसचा बोर्ड दिसत नाही म्हणून अंबाबाईला एकट्या जायचं बंद, भिशीतल्या बायकांना ओळख देत नाहीत, आणि परवा तर चहात मीठ! मोतीबिंदू आहे, पण म्हणतात पिकू दे, थंडीत बघू. नणंदेनं मोबाईलवर वाचलंय की डोळ्यांच्या आजारानं डिमेन्शिया (स्मरणशक्ती आणि समज कमी होत जाण्याचा आजार) होतो. खरं का?

उत्तर : डोळ्यामुळंच होतो असं सिद्ध नाही झालेलं, पण दोन्हीचं कायतरी नातं आहे. ब्रिटनमध्ये 55 ते 73 वयाच्या 12,364 जणांवर बरीच वर्षं लक्ष ठेवलं, 2021 मध्ये ते छापून आलं. मोतीबिंदूवाल्यांत डिमेन्शियाचा धोका 11 टक्के जास्त, पडद्याचा मधला भाग झिजलेल्यांत 26, शुगरनं डोळे बिघडलेल्यांत 61. आता 11 टक्के जास्त म्हणजे शंभरातल्या अकरांना होणारच असं नव्हे, हे नणंदबाईंना आधी सांगा. शुगर-बीपी डोळ्याच्या आणि मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या एकदमच खराब करतात, शिवाय दिसत नाही म्हणून माणूस घरात बसतं, बोलणं-चालणं कमी होतं, हेही आहेच.

पण मला तुमच्या चहाचं सांगायचंय. मीठ पांढरं, साखर पांढरी, त्यात मोतीबिंदू! भिशीतली बाई बोलल्यावर आवाजावरनं ओळखतात का ते बघा. ओळखत असतील तर घोळ बहुतेक डोळ्याचा. जेवल्याचंच विसरतात, तेच तेच विचारतात, ओळखीच्या गल्लीत चुकतात, असं असेल तर मात्र मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, बी-12 आणि थायरॉईडही तपासून घ्या. आणि स्मरणशक्तीच्या टेस्टमध्ये वाचायला, चित्र काढायला सांगतात, तेव्हा दिसतच नसेल तर मार्क उगीच कमी पडतात.

पिकू दे हे जुनं झालं हो, फार पिकला तर उलट ऑपरेशन अवघड होतं, आणि थंडी-पावसाळ्याचा काही संबंध नाही. अमेरिकेत सिएटलकडं 65 च्या पुढच्या 3,000 वर लोकांत मोतीबिंदू काढलेल्यांना डिमेन्शिया सुमारे 30 टक्के कमी दिसला. ऑपरेशनला जाणारी माणसं मुळात धडधाकट असतील असंही असू शकतं म्हणा, पण निदान खडे तरी दिसतील.

तोवर मीठ चिनीमातीच्या बरणीत आणि साखर स्टीलच्या डब्यात ठेवा, हाताला फरक कळतो.