'संयोजक' म्हणायचं की 'उद्योजक'?

प्रश्न असा आलाय की अर्थशास्त्राच्या सुरुवातीच्या वर्गात उत्पादनाचा चौथा घटक 'संयोजक' म्हणून शिकवतात आणि बाहेर सगळीकडे 'उद्योजक' ऐकू येतं, तर दोन्ही एकच का, आणि मुलांसमोर कुठला वापरावा?

परीक्षेपुरतं एकच धरा. भूमी-श्रम-भांडवल-संयोजक आणि त्यांचे मोबदले खंड (म्हणजे जमिनीचं भाडं)-वेतन-व्याज-नफा हे आपण सगळ्यांनीच घोकलंय. पण शिकवताना 'उद्योजक'च वापरावा असं माझं ठाम मत आहे, कारण संयोजक म्हटलं की पोरांना आठवतो शिबिराचा नाहीतर संमेलनाचा संयोजक, म्हणजे याद्या करणारा, हॉल बुक करणारा, माणसं गोळा करणारा, आणि असली जमवाजमव तर पगारी मॅनेजरही करतो की, त्याला वेतन मिळतं, नफा नाही, मग चौथा घटक वेगळा काढलाच कशाला?

खरी मेख नफ्यात आहे. खंड, वेतन, व्याज आधीच ठरलेले असतात, नफा मात्र सगळ्यांची देणी भागवून उरला तर उरला, नाहीतर पदरचे गेले. कँटिलॉन या जुन्या अर्थशास्त्रज्ञाने (त्याचा ग्रंथ तो गेल्यानंतर १७५५ मध्ये छापला गेला) उद्योजक ओळखला तो असाच, आज ठरलेल्या भावाने घ्यायचं आणि उद्या मिळेल त्या भावाने विकायचं. पुढे १९२१ मध्ये फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने हे आणखी नेमकं केलं, की जी जोखीम मोजता येते तिचा विमा उतरवता येतो, जी अनिश्चितता मोजताच येत नाही ती उद्योजकाने अंगावर घ्यायची आणि नफा त्याबद्दलचा.

वर्गात लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगर सांगा. बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर बनवला, लोखंड होतं, कारागीर होते, माल तयार होता, पण लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज, त्यामुळे घ्यायला कोणी पुढे येईना. घटक जुळवून झाले होते, म्हणजे संयोजन झालंच होतं, पुढे गिऱ्हाईक मिळेपर्यंत जे थांबणं आणि पटवणं चाललं ती उद्योजकता. १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्यानंतर, औंध संस्थानाच्या मदतीने.

'संयोजक' शब्द टाकाऊ मात्र अजिबात नाही. अर्थशास्त्रज्ञ शुंपीटर उद्योजकाचं काम सांगतो ते साधनांचे नवे संयोग घडवणं असंच, म्हणजे 'नव्या'वर जोर दिला तर हा शब्द शोभतो. नुसतं एकत्र आणणं म्हणून सांगितला की त्यातला जीव जातो.

आणि 'उद्योगपती' इथे नको, त्यात आकार आणि श्रीमंती आधी दिसते, पहिल्यांदाच दुकान टाकणारी बाई त्यात बसत नाही, 'उद्योजक'मध्ये बसते. गुण म्हणून बोलायचं असेल तर 'उद्यमशीलता' छान, विषयाचं नाव म्हणून 'उद्योजकता' रुळलेलं आहे, तेच ठेवा.