हिरवा लेझर हातात घेण्याआधी

आकाशातले तारे दाखवायला हिरवा पॉइंटर घेतोयस, चांगलं आहे. पण ‘कुणाला इजा झाली तरच गुन्हा’ हा समज आधी डोक्यातून काढ. अमेरिकेत 2012 पासून विमानावर जाणूनबुजून लेझर रोखणं हाच गुन्हा आहे. वैमानिकाच्या डोळ्यांना काही झालं नाही, तरी 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ब्रिटनचा 2018 चा कायदा तर बस, रेल्वे, बोट यांनाही लागू होतो, आणि चालकाचं लक्ष विचलित झालं एवढंही पुरेसं ठरतं. माणसावर रोखलास तर अनेक देशांत मारहाणीची किंवा दुखापतीची कलमं लागू शकतात.

कायदा एवढा कडक का, हे दूरवर टाकलेला किरण पाहिला की कळतं. हातातला बारीक ठिपका किलोमीटरभर अंतरावर साधारण मीटरभर पसरतो. रात्री कॉकपिटच्या काचेवर तो विखुरला की समोरची धावपट्टीच दिसेनाशी होते, तीही उतरण्याच्या क्षणी.

1 मिलिवॉटच्या आतल्या ताकदीचाच पॉइंटर घे. स्वस्त पॉइंटरवरच्या लेबलवर माझा अजिबात विश्वास नाही. काहींची खरी ताकद कित्येक पट जास्त निघते. हिरव्या लेझरमधून न दिसणारे इन्फ्रारेड किरणही गळू शकतात, आणि ते डोळ्यात गेले तरी पापणी आपोआप मिटत नाही.

लहान मुलं जवळ असतील तर पॉइंटर खिशातच ठेव. विमानाचा आवाज आला की बटण सोड, मग शोधत बस विमान कुठे आहे ते.