मुलीला परदेशात बालहक्कांवर बोलायला बोलावलंय. अशा भाषणांनी खरंच काही होतं का?

तुम्ही विचारलंय की पंधरा वर्षांच्या मुलीने एवढ्या लांब जाऊन भाषण केल्याने काही बदलतं, की नुसते फोटो निघतात. मी बडोद्यात शाळकरी मुलांचा वक्तृत्वाचा वर्ग घेते. फोटो निघतातच, पण एखाद्या वेळी कायदाही होतो.

१९९८ चं उदाहरण घ्या. विदिशाचे कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने बालमजुरीविरुद्धची जागतिक यात्रा जानेवारीत मनिलाहून निघाली आणि जूनमध्ये जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या परिषदेत जाऊन धडकली. मजुरी केलेली मुलं स्वतः त्यात होती. पुढच्याच वर्षी बालमजुरीच्या अत्यंत वाईट प्रकारांविरुद्धचा १८२ क्रमांकाचा करार मंजूर झाला. आता नुसत्या घोषणांनी हे झालं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कराराच्या मसुद्यावर तेव्हा तिथे चर्चा चालूच होती, मुलं नेमक्या वेळी पोचली. भारताने त्याला २०१७ मध्ये मान्यता दिली आणि २०२० पर्यंत संघटनेच्या झाडून सगळ्या सभासद देशांनी.

उलटंही होतं. २०१९ मध्ये ग्रेटा थुनबर्ग, उत्तराखंडची रिद्धिमा पांडे अशा सोळा मुलांनी हवामानबदलावरून पाच देशांविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे तक्रार केली. २०२१ मध्ये समितीने ती फेटाळली: आधी आपापल्या देशांतल्या कोर्टात जायला हवं होतं. पण २०२३ मध्ये त्याच समितीने मुलांचे हक्क आणि पर्यावरण यांवर देशांसाठी सविस्तर मार्गदर्शन काढलं. मी याला हरणं म्हणणार नाही. (त्या पाचांत भारत नव्हता. अशा तक्रारींची वाट उघडणारा पूरक करार आपण स्वीकारलेलाच नाही.)

आम्हा बडोदेकरांना सयाजीरावांचा भारी अभिमान. १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये संस्थानभर त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड ठेवला. मोठंच काम, पण मुलांना काय वाटतं हे तेव्हा विचारणार कोण? १९८९ च्या बालहक्क कराराच्या बाराव्या कलमाने ते विचारणं बंधनकारक केलं. तुमच्या मुलीने दुसरं काही नाही तरी हे एक कलम नीट वाचून जावं.

आता भाषणाबद्दल. माझ्याकडे एका मुलीने सुरुवात केली, ‘मुले ही देवाघरची फुले’. ते ऐकून जिनिव्हा सोडा, दांडिया बाजारही हलणार नाही. मी म्हटलं, येताना रस्त्यात काय दिसलं ते सांग. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाच्या आधीचे दिवस होते. रस्त्याकडेला खांबांना दोरा ताणून काचेची पूड चढवायचं काम जोरात चाललं होतं. तिच्याच वर्गातला एक मुलगा शाळा सुटली की बोटांना चिंध्या गुंडाळून वडिलांच्या हाताखाली उभा राहायचा. मग तिला प्रश्न पडला: हे चालतं का? बालमजुरीच्या कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी आहे, पण शाळेनंतर किंवा सुट्टीत घरच्या धंद्यात, धोका नसलेल्या कामात मदत चालते. काचेची पूड धोक्यात धरायची की नाही? आणि हे बघणार कोण? भाषण तिथून सुरू झालं आणि पहिल्यांदाच वर्गात कुणी मोबाइल काढला नाही. त्या मुलाचं नाव मात्र आम्ही भाषणात घेतलं नाही, तुमच्या मुलीनेही कुणाचं घेऊ नये.

एक व्यवहाराची गोष्ट. बोलावणाऱ्यांना विचारा की मुलं जे बोलतील ते पुढे कुणाकडे जाणार, आणि कुठल्या बैठकीत. उत्तर गुळमुळीत आलं आणि वर भरमसाट फी मागितली, तर ती सहल समजा. परवडत असेल तर पाठवा, सहलही वाईट नसते. आणि भाषण तिचं तिलाच लिहू द्या, तुम्ही शुद्धलेखन तेवढं बघा.