अकराच उरले, बदली कोणी नाही

शालेय हॉकी स्पर्धांचे बाद फेरीचे सामने तोंडावर आले की पत्रांचा सूर एकच असतो: मुलं कमी पडताहेत. या वेळची चारही पत्रं त्याच अडचणीची आहेत.

प्रश्न : आमच्या सतरा वर्षांखालील मुलांच्या संघात सोळा जण होते. दोघांना ताप, एकाच्या मनगटाला प्लास्टर, दोघांची परीक्षा. उरले अकरा, बदली कोणी नाही. शनिवारी उपांत्य सामना टर्फवर (कृत्रिम गवतावर) आहे. समोरच्या संघाकडे पाच राखीव आहेत आणि त्यांचा रोजचा सराव टर्फवरच चालतो. आमची मुलं मुरमाच्या मैदानावर तयार झालेली. कसं खेळावं?
— क्रीडाशिक्षक, सातारा

उत्तर : सर, आधी स्पर्धेचं नियमपत्रक काढून तीन गोष्टी बघा. दिलेल्या यादीत अजून बदल चालतो का, कमीत कमी किती खेळाडूंवर सामना सुरू करता येतो आणि क्वार्टर किती मिनिटांचे आहेत. आंतरराष्ट्रीय सामना पंधरा मिनिटांच्या चार क्वार्टरचा असतो. शालेय स्पर्धांमध्ये वेळ कमी असू शकतो, आणि तुमचं सगळं नियोजन त्या मिनिटांवर बसवायचं आहे.

मैदानात कोणत्याही क्षणी तुम्ही अकरा आणि तेही अकराच. तुमच्याकडे कमी आहेत ते ताजे पाय. हॉकीत बदलीला संख्येची मर्यादा नाही, त्यामुळे समोरचा कोच दर पाच-सहा मिनिटांनी ताजा फॉरवर्ड आत सोडणार. तुमचा हाफ (मधल्या फळीतला खेळाडू) मात्र चौथ्या क्वार्टरला तीन क्वार्टरची धाव अंगावर घेऊन उभा असेल. म्हणून कुठे पळायचं नाही, हे शनिवारच्या आधी ठरलं पाहिजे.

बॉल त्यांच्या बॅककडे (बचावपटूकडे) असेल तेव्हा मागे लागू नका. त्यांना मध्यरेषेपर्यंत येऊ द्या. मैदान ९१.४० मीटर लांब आहे. असं केलं की तुम्हाला त्यातलं अर्धंच राखायचं राहतं. तुमचा सगळ्यात पुढचा फॉरवर्ड मध्यरेषेजवळ उभा राहील आणि त्यांच्या एका बॅककडून दुसऱ्याकडे जाणारा आडवा पास अडवेल, एवढंच त्याचं काम. पुढचा गडी आणि मागचा फुल बॅक यांच्यात तीस-पस्तीस मीटरपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका.

हे बिघडतं ते नेहमी एकाच जागी. पहिल्या पाच मिनिटांत उत्साही फॉरवर्ड एकटाच त्यांच्या बॅकवर धावून जातो. त्याच्या मागे मोकळी जागा पडते, एका पासात तो बाद होतो आणि उरलेल्या सगळ्यांना चाळीस मीटर उलटं पळावं लागतं. असं पाच-सहा वेळा झालं की संघ मध्यंतरालाच रिकामा होतो. त्यासाठी सेंटर हाफला एक शब्द ठरवून द्या. त्याने ‘लाइन!’ म्हणून ओरडलं की जो जिथे असेल तिथून मागे वळून आपली जागा धरेल, बॉल दोन हातांवर असला तरी. बुधवारी-गुरुवारी सरावात हा शब्द इतका घुमवा की शनिवारी विचार करावा लागू नये.

बाहेरून बदली नाही, तर आतल्या आत करा. क्वार्टरच्या दोन मिनिटांच्या सुट्टीत राइट विंगने राइट हाफच्या जागी यायचं आणि हाफने पुढे जायचं, डावीकडेही तसंच. सेंटर हाफ सगळ्यात जास्त पळतो, म्हणून तिसऱ्या क्वार्टरला त्याला फुल बॅकला आणा आणि फुल बॅकला वर पाठवा. एवढ्या तीन जोड्या पुरेत. जास्त केल्यात तर चौथ्या क्वार्टरला कोण कुणाला धरतोय हेच कळणार नाही.

टॅकल सगळ्यात चांगली ज्याची, त्याला लेफ्ट हाफला ठेवा. हॉकीची स्टिक एकाच बाजूने सपाट असते. समोरच्यांचा राइट विंग आला की बॉल आपल्या लेफ्ट हाफच्या रिव्हर्सला, म्हणजे स्टिक उलटी फिरवावी लागते त्या डाव्या बाजूला, येतो आणि कच्चा मुलगा तिथेच चुकतो. त्याने थोडं साइडलाइनकडे सरकून उभं राहावं आणि विंगरला आत, स्वतःच्या उजव्या हाताला यायला लावावं. तिथे फोरहँड मिळतो आणि सेंटर हाफची साथही असते. स्टिक जमिनीवर आडवी टाकून लोळण घेऊ नका. ती चुकली की मुलगा उठेपर्यंत समोरचा डीमध्ये (गोलसमोरच्या अर्धगोलात) पोचलेला असतो. जॅब (स्टिक झटकन पुढे टोचणं) द्यायचा, मागे सरकायचं, पुन्हा जॅब द्यायचा.

टर्फबद्दल. ओल्या टर्फवर बॉल उसळत नाही, घसरत येतो आणि मुरमापेक्षा फार आधी पोचतो. मुरमावर बॉल उडेल या धास्तीने मुलं स्टिक उशिरा खाली आणतात; टर्फवर तेवढ्यात बॉल खालून निघून जातो. एक तास टर्फ मिळालं तर त्यातली चाळीस मिनिटं फक्त बॉल घेण्यावर घाला. नाहीच मिळालं तर शाळेच्या सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टवर पंधरा मीटरवरून जोरात पुश मारून (स्टिक न उगारता बॉल ढकलून) तो थांबवण्याचा सराव घ्या. वेगाचा अंदाज तरी येईल. बूट बारीक रबरी दाण्यांचे हवेत, स्पाइकचे चालत नाहीत.

तापातून उठलेल्या दोघांना ‘बाकावर तरी बसू दे’ म्हणून नेऊ नका. बाकावरचा मुलगा तिसऱ्या क्वार्टरला आत जातोच. हा डेंग्यूचा मोसम आहे, आणि डेंग्यूत धोक्याचे दिवस ताप उतरू लागल्यावर सुरू होतात. रक्ततपासणी आणि डॉक्टरांची परवानगी, दोन्ही होईपर्यंत मैदान नाही. घरच्यांना हेही सांगा, की अशा तापात अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन द्यायची नसते, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. साध्या व्हायरल तापातही जोराच्या श्रमाने हृदयाच्या स्नायूला इजा होऊ शकते. तुमचे अकरा ठणठणीत आहेत. आजारी बारावा नसलेलाच बरा.

प्रश्न : बाद फेरीच्या सामन्याला चार दिवस आहेत आणि आमच्या गोलकीपरची दहावीची चाचणी त्याच दिवशी आली. दुसरा गोलकीपर नाही. गोलकीपरशिवाय अकरा फील्ड प्लेअर घेऊन खेळलो तर चालेल का?
— संघाचा कर्णधार, कराड

उत्तर : नियमात बसतं, पण करू नकोस. गोलकीपर नसेल तर गोलमध्ये उभ्या राहणाऱ्याला पायाने किंवा अंगाने बॉल अडवता येत नाही, त्याच्या हातात फक्त स्टिक असते. ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच गोल स्टिकने राखणं अशक्यच. शिवाय पॅडशिवाय हिटसमोर उभं राहणं धोक्याचं आहे, हे आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं.

चार दिवसांत कुणाला तरी तयार करा. बॉलला न घाबरणारा आणि आवाज मोठा असलेला मुलगा निवडा. फुटबॉल खेळणारा असेल तर उत्तम, कारण किकरने (बुटावरच्या जाड संरक्षक आवरणाने) बॉल मारायचं काम त्याला निम्मं येत असतं.

पहिल्या दिवशी शॉट नकोत. पूर्ण किट घालून तासभर आडवं सरकायला लावा. किटमध्ये हेल्मेट, पॅड आणि किकर हे तीन नियमाने सक्तीचे आहेत, पण छातीचं गार्ड, गळ्याचं गार्ड, अ‍ॅबडॉमिनल गार्ड आणि दोन्ही हातांची प्रोटेक्टर घातल्याशिवाय त्याला उभंच करू नका. वजन पंजावर, गुडघे वाकलेले, हात पुढे. नवखा मुलगा टाचांवर बसतो, त्यामुळे बॉल आला की मागे पडतो. शाळेच्या किटचे पट्टे आणि बकल त्याच दिवशी तपासा. पॅडचा पट्टा तुटला की ऐन सामन्यात पॅड फिरतं. बॅगेत दोन जाड लेस जास्तीच्या ठेवा.

दुसऱ्या दिवशी कोन शिकवा, आणि त्यासाठी सुतळीसारखं साधन नाही. सुतळीचं एक टोक एका खांबाला, दुसरं दुसऱ्या खांबाला बांधा आणि मध्यावर धरून बॉल असेल तिथपर्यंत ओढा. त्रिकोण तयार होतो. मुलाला त्या त्रिकोणाच्या आत गोललाइनवर उभं करा, मग दोन पावलं पुढे आणा. दोन्ही बाजूंची सुतळी त्याच्या पॅडच्या जवळ कशी आली ते त्याला स्वतःला दिसेल. बॉल डीच्या पाच-सहा जागी ठेवून हेच करा. तासभर समजावून जे डोक्यात जात नाही ते या सुतळीने दहा मिनिटांत जातं.

तिसऱ्या दिवशी फक्त जमिनीलगतचे शॉट, डावीकडून वीस, उजवीकडून वीस. बॉल अडवून समोर सोडायचा नाही, किकरच्या आतल्या बाजूने साइडलाइनकडे काढायचा. समोर सोडलेल्या बॉलवरच रिबाउंडचे गोल होतात. शेवटची पंधरा मिनिटं शूटआऊटची, म्हणजे बरोबरीनंतर निकाल लावणाऱ्या एकास-एक झुंजीची: फॉरवर्ड २३ मीटर लाइनवरून निघतो आणि त्याच्याकडे आठ सेकंद असतात. गोलकीपरने आधी पडायचं नाही. पुढे येऊन उभ्या उभ्या त्याला त्याच्या रिव्हर्सकडे ढकलत न्यायचं, वेळ आपल्या बाजूने पळत असतो. चौथ्या दिवशी हलका सराव, बास.

दोन नियम त्याला पाठ हवेत. त्याने २३ मीटर लाइन ओलांडून पुढे खेळायला जायचं नाही, आणि त्याचा टी-शर्ट दोन्ही संघांपेक्षा वेगळ्या रंगाचा हवा.

प्रश्न : मुलीचा घोटा मंगळवारी सरावात मुरगळला. सूज आहे, पण ‘शनिवारी खेळणारच, संघात मुली कमी आहेत’ म्हणते. तिला भीती आहे ती निवड हुकण्याची.
— एक आई, फलटण

उत्तर : ताई, तुमच्या तालुक्यातून आसूची वैष्णवी फाळके आणि वाखरीची अक्षता ढेकळे भारताकडून खेळल्या. त्यामुळे तिथल्या मुलींना निवडीचं किती वाटतं हे आम्ही समजू शकतो. तरी घोट्याचं उत्तर घोट्यालाच विचारा.

तिला आधाराशिवाय चार पावलं टाकता येतात का? घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर आलेली असतात, त्यांची टोकं आणि टोकांपासून वर सहा सेंटीमीटरपर्यंतची मागची कड दाबून पाहा. तिथे दुखत असेल किंवा चार पावलं जमत नसतील तर एक्स-रे काढा. वाढत्या वयात हाडाच्या टोकाला वाढीचा मऊ भाग असतो आणि मुरगळण्यात तोच दुखावण्याची शक्यता असते. वरून ते साधं मुरगळणंच वाटतं.

हाडावर दुखत नसेल तर पहिले दोन-तीन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. क्रेप बँडेज आणि पाय उंचावर. चोळायचं नाही, गरम शेक नाही. शुक्रवारी संध्याकाळी ही परीक्षा घ्या: न लंगडता चालणं, त्या एका पायावर तीस सेकंद उभं राहणं, त्याच पायावर दहा उड्या, सरळ धावणं, आणि शेवटी धावता धावता वळणं. क्रम मोडू नका, आणि जिथे दुखेल तिथे थांबा. पाचही जमलं तर घोट्याला पट्टी बांधून खेळू द्या. वेदनाशामक गोळी घेऊन दिलेली परीक्षा धरू नका. दुखणं झाकलं की घोटा दुसऱ्यांदा वळतो, आणि मग सगळा मोसम जातो.

प्रश्न : कार्ड मिळून दहाच राहिलो तर पेनल्टी कॉर्नरला चारच डिफेंडर राहतात का?
— हॉकीपटू, इस्लामपूर

उत्तर : नाही. पेनल्टी कॉर्नरला समोरचे बॅकलाइनवरून (गोलच्या रेषेवरून) बॉल आत ढकलून डीमधून शॉट घेतात; कार्डामुळे तुमच्या डिफेंडरची संख्या कमी होत नाही. गोलकीपर धरून पाचजण बॅकलाइनमागे उभे राहू शकतात आणि बाकीचे मध्यरेषेपलीकडे. दहा असाल तर पलीकडे सहाऐवजी पाच, इतकाच फरक. म्हणजे कमी पडतो तो काउंटर अ‍ॅटॅकचा माणूस. पाचातला एक खरा कमी होतो तो वेगळ्याच चुकीने: पुश होण्याआधी कुणी धावत सुटला की पंच त्याला मध्यरेषेपलीकडे पाठवतात, त्याच्या जागी दुसरा येत नाही आणि तो कॉर्नर चौघांनाच राखावा लागतो. म्हणून पहिल्या रनरने (शॉट अडवायला धावून जाणाऱ्याने) समोरच्या गड्याचे खांदे बघून निघू नये, पुश करणाऱ्याच्या स्टिकवरून बॉल सुटताना बघून निघावं. रनरला फेस मास्क, ग्लोव्हज आणि नी-पॅड हवेतच.

ग्रीन कार्डला दोन मिनिटं, यलोला किमान पाच, रेडला उरलेला सगळा सामना. या काळात बदली देता येत नाही. ग्रीन बहुतेक वेळा फ्री हिटला पाच मीटर न हटल्याने किंवा पंचांशी वाद घातल्याने मिळतं. दोन्ही टाळणं हातात आहे. दहा झालात की एक फॉरवर्ड कमी करा आणि चार बॅक, चार हाफ, पुढे एक असं बसवा. फ्री हिट मिळाली की लगेच सेल्फ पास (स्वतःच बॉल पुढे नेणं) घेऊन सुटू नका, आधी सगळे जागेवर येऊ द्या. पण उगाच वेळ काढताय असं पंचांना वाटलं तर त्यालाही कार्ड आहे. बॉल शक्यतो साइडलाइनजवळ, समोरच्यांच्या अर्ध्यात ठेवा आणि त्यांना तिथून खेळायला लावा.